लठ्ठपणा, इंजेक्शन, ऑपरेशन: माझे साडेसहा महिने आणि तुमचे अनुभव (नाशिक)

निफाडची_लेक | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:५०

मार्चमध्ये एका सकाळी यजमानांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हे ऐक. रात्री त्यांनी माझं घोरणं रेकॉर्ड केलं होतं. घोरण्याचं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की मध्येच सगळं शांत होतं. मी घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद, चौदा, एकदा तर बावीस. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं. ते म्हणाले, तू थांबतेस तेव्हा मी जागा होतो आणि वाट बघत बसतो.

माझं वय ४४, उंची १५६ सेंमी, तेव्हाचं वजन ८९ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६.६. माहेर निफाड, सासर आणि नोकरी नाशिक, राहायला इंदिरानगर. बँकेतलं बैठं काम.

वजनाशी माझी ही पहिली लढाई नव्हती. २०१४ मध्ये मी १४ किलो उतरवले होते. सकाळी पाचला उठून जॉगिंग ट्रॅकवर, दोन्ही वेळेला भाकरी-भाजी मोजून, आठ महिने. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, काय केलंस. पुढच्या अडीच वर्षांत ते १४ परत आले आणि वर ३ आणखी. त्या वेळी मला एकानेही विचारलं नाही की काय झालं, कारण सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं: सुटली, खायला लागली. मलाही तेच वाटायचं. पुढे गुडघा दुखतो म्हणून एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही, कागदावरचं वजन बघून म्हणाले, आधी तोंडाला कुलूप लावा. त्यानंतर चार वर्षं मी कुठल्याच डॉक्टरांकडे वजनाचा विषय काढला नाही. त्या चार वर्षांत बीपी सुरू झालं, यकृतावर चरबी आली आणि ही रात्रीची गुदमर लागली. हे इथे लिहायचं कारण तेच आहे. अपमान टाळण्यासाठी मी उपचार टाळले.

या वेळी फिजिशियन बाई वेगळ्या भेटल्या. त्यांनी आधी झोपेची तपासणी करायला सांगितली. घरीच होते, एका रात्रीसाठी बोटाला, छातीला आणि नाकाशी यंत्राच्या तारा लावून झोपायचं. निकाल: तासाला ३४ वेळा श्वास अडकतो. ३० च्या वर गेलं की तीव्र धरतात. सीपॅपचं मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं, सुरू केलं. मग त्यांनी विचारलं, आजवर किती वेळा वजन कमी केलंत? किती खाता हा प्रश्न आधी आलाच नाही. मी सांगितलं, मोठं असं चार वेळा. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला वजन कमी करता येतं. ते टिकवायला तुमचं शरीर विरोध करतं. त्या विरोधावर उपचार करू.

खरं सांगते, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले मी.

जूनपासून टिर्झेपटाइड (माउंजारो) हे भूक कमी करणारं इंजेक्शन घेते आहे, आठवड्यातून एकदा, पोटाच्या त्वचेखाली. चार आठवडे अडीच मिलिग्रॅम, मग पाच, आणि पाचवरच आहे. आज वजन ७७. बीपीची गोळी अर्ध्यावर आली. मशीन अजून लावते, फेब्रुवारीत तपासणी पुन्हा आहे.

किलोंपेक्षा मोठा बदल वेगळाच आहे आणि तो शब्दांत पकडणं कठीण. माझ्या डोक्यात दिवसभर खाण्याची कुजबुज चालायची. डबा खाऊन झाला की चार वाजता काय, घरी गेल्यावर काय, डब्यात चिवडा उरलाय का. मला वाटायचं, सगळ्यांच्या डोक्यात हे चालू असतं आणि बाकीचे माझ्यापेक्षा घट्ट मनाचे असतात. दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या गुरुवारी दुपारी लक्षात आलं की कुजबुज थांबली आहे. नवऱ्याला विचारलं, तुमच्या डोक्यात चालतं का असं? ते म्हणाले, कसलं?

आपल्या भागात कोणी औषध, ऑपरेशन, आहार, काहीही करत असेल तर मोकळेपणाने लिहा. प्रश्नही विचारा. जे मला आलं तेवढं मी सांगेन.

---

ओझरची_अनघा | १४ डिसेंबर, रात्री १०:३५

ताई, कुजबुजीबद्दल वाचताना अंगावर काटा आला. माझी ऑपरेशननंतर थांबली होती, म्हणून मला हे माहीत आहे. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता पोरं झोपवायची आहेत.

---

सातपूरकर | १५ डिसेंबर, सकाळी ७:१०

राग मानू नका, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी एमआयडीसीत तिन्ही शिफ्ट करतो. ९४ किलो होतो. रोज पहाटे किंवा शिफ्टवरून आल्यावर चालणं, रविवारी पांडवलेणी, साखर बंद, वडापाव बंद. दीड वर्षात ७८. पाच वर्षं झाली, तिथेच आहे. कोणतंही औषध नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना कुठे इंजेक्शनं लागली? महिन्याला इतके हजार घालवण्यापेक्षा शिस्त लावावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही पुन्हा एकदा प्रयत्न केला असता तर जमलं असतं.

---

निफाडची_लेक | १५ डिसेंबर, सकाळी ८:२०

दादा, रागावले नाही. तुमचं १६ किलो पाच वर्षं टिकलं याचं मला खरंच कौतुक आहे. पण "पुन्हा एकदा" हे मी चार वेळा केलं आहे हो. दर वेळी आधीपेक्षा कठीण गेलं आणि दर वेळी परत आलेलं वजन आधीपेक्षा जास्त होतं.

---

रुग्णसेवक | १५ डिसेंबर, दुपारी २:४०

मी फिजिशियन आहे, जिल्ह्यातच काम करतो. इथे कोणालाही औषध लिहून देणार नाही, पण सातपूरकरांचा प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा त्यावर लिहितो.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं की कोठारात किती शिल्लक आहे. वजन उतरलं की लेप्टिन खाली येतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो दोन गोष्टी करतो: भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. जठरातून निघणारं घ्रेलिन, भुकेचा निरोप नेणारं, तेही वाढतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार दिला आणि वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. भुकेची संप्रेरकं तेव्हाही जागेवर आलेली नव्हती. वर्षभराने!

दुसरा अभ्यास २०१६ चा, संशोधक केव्हिन हॉल यांचा. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी बोलावलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर त्यांच्या आकारमानाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे शेजारी बसलेला, त्याच वजनाचा माणूस जेवढं खाऊन जागेवर राहतो, तेवढंच खाऊन यांचं वजन वाढणार.

हा विरोध प्रत्येकाच्या शरीरात सारखा नसतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. सातपूरकर, तुम्ही मेहनत घेतलीत यात शंका नाही, आणि तुमच्या शरीराने तुम्हाला साथही दिली. ताईंनीही मेहनत घेतली, त्यांच्या शरीराने साथ दिली नाही. आजोबांच्या काळाबद्दल म्हणाल तर जनुकं तीच होती. ती वर येतील असं भोवताल नव्हतं. तेल, साखर, मैदा एवढे स्वस्त नव्हते आणि शेतापर्यंत पायीच जावं लागे.

बीपीच्या रुग्णाला आपण मीठ कमी करायला सांगतो आणि गोळीही देतो. गोळी घेतली म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

---

कॉलेजरोडवाला | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:०५

डॉक्टर, माझं वय २७, उंची १७५, वजन ८२. फेब्रुवारीत लग्न आहे. जिममधला मित्र म्हणतो तो या इंजेक्शनचं पेन मिळवून देईल, चिठ्ठीची गरज नाही. दोन महिने घेऊन सोडलं तर चालेल का? फक्त पोट जायला हवं.

---

रुग्णसेवक | १५ डिसेंबर, रात्री ९:१५

नाही. आणि नीट कारणांसह सांगतो, कारण असे प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतात.

तुमचा बीएमआय २६.८ येतो. ही औषधं ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा आजार असेल तर द्यायची असतात. मित्राकडचं पेन कुठून आलं, थंड साखळीत राहिलं का, आत काय आहे, हे सांगता येत नाही. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल (हे याच प्रकारचं दुसरं औषध) जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. तिसरं, दोन महिन्यांत डोस नीट वाढवूनही होत नाही. घाईने वाढवला तर उलट्या होऊन मांडवात सलाईन लावायची वेळ येईल. आणि सोडल्यावर भूक परत येते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं.

पण तुम्ही "फक्त पोट" म्हणालात, ते मात्र मी हलकं घेणार नाही. बेंबीच्या पातळीवर टेप लावून घेर मोजा आणि उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या.

यामागे आपल्या पुण्याचंच एक काम आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दिसायला दोघेही सडपातळ. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसलं: वजन कमी, पण चरबीचं प्रमाण जास्त. म्हणून आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमीच्या, बायकांची ८० च्या आत असावी म्हणतात. पोटातली चरबी यकृताला, स्वादुपिंडाला बिलगून बसते. दंडावरची तेवढा त्रास देत नाही.

---

ओझरची_अनघा | १५ डिसेंबर, रात्री १०:५०

कबूल केल्याप्रमाणे लिहिते. लांबेल.

२०२१ मध्ये माझं वजन ११८ होतं, उंची १६०, म्हणजे बीएमआय ४६. मधुमेह, इन्शुलिन, आणि दोन जिने चढले की छाती धडधडायची. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी केली, दुर्बिणीतून, पोटावर पाच छोटी छिद्रं. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. मला वाटायचं, जागा कमी झाली म्हणून माणूस कमी खातो, एवढंच. सर्जननी समजावलं की घ्रेलिन मुख्यतः ज्या भागात तयार होतं तो भागच निघून जातो, आतड्यातली संप्रेरकंही बदलतात. म्हणून भूकच बदलते. माझं इन्शुलिन वजन उतरायच्या आधीच, दवाखान्यातून घरी येईपर्यंत निम्म्याहून खाली आलं होतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. मग मऊ. महिनाभर मी वरणाचं पाणी, ताक आणि गाळलेलं सूप यावर होते, आणि घरात दिवाळीचा फराळ चालू होता. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळाले, नवव्या महिन्यात परत आले. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं असतं. दुसऱ्या वर्षी मी बी१२ ढिलं सोडलं तर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. ती चूक माझी, तुम्ही करू नका. पाणी आणि जेवण एकत्र घेता येत नाही. लग्नाच्या पंगतीत आजही मी चार घास खाते आणि वाढणाऱ्या काकूंना वाईट वाटतं.

वजन सगळ्यात खाली ७२ गेलं, आज ७९ आहे. सात किलो परत आले तेव्हा मी घाबरून सर्जनकडे धावले. ते म्हणाले, एवढं अपेक्षित असतं, फेरतपासण्या चुकवू नका. इन्शुलिन बंद आहे, एक गोळी चालू आहे.

पैशाचं लिहिते कारण त्याची माहिती शोधायला मला फार फिरावं लागलं. माझ्या विमा कंपनीने आधी "हे सौंदर्यासाठी आहे" म्हणून अर्ज परत पाठवला. मग कळलं की विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: वय १८ किंवा त्याहून जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळता येत नाही. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही असावं लागतं, आणि आधी वजन कमी करायचे प्रयत्न झालेले असावे लागतात. तो उतारा छापून, जुन्या आहारतज्ज्ञांचे कागद जोडून पुन्हा अर्ज केला. मंजूर झाला. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ मात्र आधी तपासा. आणि जुन्या प्रयत्नांचे कागद फेकू नका, ती वह्यांची पानं सुद्धा कामी येतात.

---

देवळालीचे_काका | १६ डिसेंबर, सकाळी ६:३०

वय ६७, मधुमेह २० वर्षं. इन्शुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू, वजन ९१. मुलगा म्हणतो हे नवं औषध घ्या. या वयात घ्यावं का? गुडघे बोलतात, पण फिरणं सोडलेलं नाही.

---

रुग्णसेवक | १६ डिसेंबर, दुपारी ३:००

काका, वय ही आडकाठी नाही, पण तुमच्या बाबतीत चार गोष्टी आधी बघाव्या लागतील. इन्शुलिन आणि साखरेच्या काही जुन्या गोळ्या स्वतःच वजन वाढवतात, तेव्हा औषधांची पुनर्मांडणी करता येते. पण ती तुमच्या डॉक्टरांनीच करायची. नवीन इंजेक्शन सुरू करताना इन्शुलिन तेवढंच ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दुसरं, सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. फार दिवस वाढलेली साखर एकदम उतरली की पडद्याचा जुना विकार काही जणांत वाढतो. तिसरं स्नायू. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि ६७ व्या वर्षी गेलेला स्नायू सहज परत येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम आजपासून सुरू करा. चौथं, पित्ताशयात खडे किंवा स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

फायद्याची बाजूही मोठी आहे. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत हृदयविकार असलेले, जास्त वजनाचे पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक होते. सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. म्हणून मी याला दिसण्याचं औषध म्हणत नाही.

---

निफाडची_लेक | १६ डिसेंबर, रात्री ९:३०

व्यक्तिगत निरोपांमध्ये बऱ्याच जणींनी तेच विचारलंय: त्रास काय झाला आणि खर्च किती. सगळ्यांसाठी इथेच लिहिते.

पहिले दोन आठवडे मळमळ. सकाळी रिक्षात बसले की जास्त. डोस पाचवर गेला तेव्हा पुन्हा आठवडाभर. एकदा जावेच्या डोहाळजेवणात आग्रहाला बळी पडून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, रात्रभर उलट्या. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. बद्धकोष्ठता अजून आहे, इसबगोल घेते. ऑगस्टमध्ये तर भूकच नाही म्हणून मी दिवसभरात एक पोळी आणि चहा यावर राहायला लागले आणि मनातून खूश होते. डॉक्टर बाईंनी वजन बघून शाबासकी न देता मुठीची ताकद मोजली. कमी भरली. आता प्रथिनं आधी, बाकी नंतर: सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी, डब्यात उसळ आणि दही, रात्री पिठलं किंवा पनीर. आठवड्यातून तीनदा रबरी पट्टे ओढायचे व्यायाम. मिसळ सोडलेली नाही, नाशिकात राहून ते कशाला? मटकी जास्त घेते, पाव एक, तर्री थोडी.

खर्च: मार्च २०२५ मध्ये हे औषध आपल्याकडे आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० आणि पाचची ४,३७५ रुपये होती. महिन्याला चार लागतात, हिशोब करा. आम्ही दोघं कमावते आहोत म्हणून जमतं, आणि तरीही यंदा घराचा रंग पुढे ढकलला. माझ्याच बँकेत माझ्याहून जास्त गरज असलेली शिपाई बाई आहे, तिला हे परवडणार नाही. हे मला रोज टोचतं. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ पर्यंतचं. किमती खाली येतील या आशेवर मी एकटी नाही.

कुपी फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

आणि अजून मूल हवं असेल अशा मैत्रिणींनी पहिल्याच भेटीत ते सांगा. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, आधीच थांबवावी लागतात. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. हे मला दुकानदाराने सांगितलं नसतं.

---

सिडकोची_आई | १७ डिसेंबर, दुपारी १२:२०

दोन दिवस वाचतेय, आज धीर करून लिहिते. माझा मुलगा १३ वर्षांचा, ७८ किलो. शाळेत मुलं नको ते बोलतात. त्याने खेळाच्या तासाला जाणं बंद केलं. मानेवर काळा पट्टा आलाय, सासूबाई म्हणतात नीट घासत नाही म्हणून. मी घासून घासून लाल केली त्याची मान. काल रात्री तो म्हणाला, आई मी जेवलो नाही तर चालेल का.

---

रुग्णसेवक | १७ डिसेंबर, दुपारी १:०५

ताई, तो मळ नाही. मान घासणं आजच थांबवा. शरीरात इन्शुलिन जास्त वाढलं की मानेची, काखेची त्वचा अशी जाड आणि काळी पडते. त्याला ते सांगा, की त्याची काही चूक नाही. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बीपी, साखर, यकृत, कोलेस्टेरॉल, गरज वाटली तर थायरॉइड. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारण दोन-पाच किलोंचं असतं, सगळं त्यावर ढकलता येत नाही. तो घोरतो का, तेही डॉक्टरांना सांगा.

उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात कित्येकदा वजन आहे तिथे थांबवलं आणि उंची वाढू दिली तरी पुरतं. त्याच्या एकट्याच्या ताटात फरक करू नका. घरात गोड पेय आणायचं बंद, तर सगळ्यांसाठी बंद. आणि रात्री तो जे म्हणाला, ते डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. मला ते वजनापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

---

ओझरची_अनघा | १७ डिसेंबर, दुपारी १:४०

सिडकोच्या ताई, तेरा वर्षांची मी तशीच होते. मला त्या वेळी कोणी जवळ घेऊन "तुझी चूक नाही" म्हटलं असतं तर मी पंचवीस वर्षं लपून खाल्लं नसतं. त्याला सांगाल ना?

---

कॉलेजरोडवाला | १८ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

डॉक्टर, रिपोर्ट आले. कंबर ९६ सेंमी. एचबीए१सी ६.१. वडिलांना मधुमेह आहे, पण मी २७ चा आहे, मला हे अपेक्षित नव्हतं. पेन नको असं मित्राला सांगितलं. जिममधून घेतलेली एक "आयुर्वेदिक" चरबी जाळणारी पावडरही चालू होती, ती चालू ठेवू का?

---

रुग्णसेवक | १८ डिसेंबर, रात्री १०:००

पावडर आज बंद. सिब्युट्रामिन नावाची वजनाची गोळी हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० च्या सुमारास बऱ्याच देशांत मागे घेतली गेली, आणि तीच पुढे "वनस्पतीजन्य" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत लपवलेली वारंवार सापडली आहे. डब्यावर न लिहिलेलं पोटात काय जातं हे तुम्हाला कळणार नाही.

६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ हा तो पट्टा. वाईट वाटणं साहजिक आहे, पण तुम्ही योग्य वेळी बघितलंत. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशाच लोकांना सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्यासाठी सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. लग्नापर्यंत सगळे नाही उतरणार, आणि तशी घाईही नको. घरी वडिलांबरोबर चालायला जा.

---

सातपूरकर | १९ डिसेंबर, सकाळी ६:४५

चार दिवस या धाग्यावर काही लिहिलं नाही, वाचत होतो. माझा धाकटा भाऊ अंबडला कामाला आहे. ११२ किलो. मी त्याला आठ वर्षं तेच सांगत आलोय जे इथे पहिल्या दिवशी लिहिलं. तो माझ्याबरोबर चालायला यायचा, मग यायचा बंद झाला, मग माझ्या घरी यायचाच बंद झाला. मला वाटायचं आळशी आहे. परवा वहिनींना फोन करून विचारलं, तो झोपेत थांबतो का. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, हो, आणि मागच्या महिन्यात गाडीवर डुलकी लागून पडला होता, तुम्हाला सांगू नका म्हणाला.

काल त्याच्याकडे जाऊन आलो. ताईंनी सुरुवातीला लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. डॉक्टरांकडे यायला तयार झालाय. सोमवारी अकराची वेळ मिळाली आहे. सोबत काय न्यायचं?

---

निफाडची_लेक | १९ डिसेंबर, सकाळी ८:०५

दादा, हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, मनाच्या, दम्याच्या, स्टिरॉइडच्या असतील तर नक्की, त्यातल्या काहींनी वजन वाढतं. जुने रक्ताचे रिपोर्ट. लग्नापासूनचं वजन आठवेल तसं एका कागदावर, कधी उतरलं आणि कधी परत आलं त्यासकट. आई-वडिलांचे आजार. वहिनींना जमलं तर झोपेतलं रेकॉर्डिंग. विम्याची पॉलिसी घरी काढून ठेवा, लगेच लागेल असं नाही. सोमवारपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका, तुम्ही घ्यायला जा.

आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी काही विचारलं तर उत्तर त्यालाच देऊ द्या.

---

सातपूरकर | १९ डिसेंबर, सकाळी ८:१२

देतो. शिफ्ट बदलून घेतली आहे.